घुबडाखाली थांब, येतो

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे! ...म्हणजे घुबडं नक्की किती होती तो आकडा सोडा, आणि कुत्र्याचं नाव मला नीट आठवत नाही, आणि भडंगाचा डबा दोन किलोचा नसेल, दीडचा असेल, पण बाकी सगळं खरं! आणि हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही हां, आधीच सांगून ठेवतो, हे विष्णूच्या बाबतीत घडलं. विष्णू माझा मित्र. इथंच असतो, वॉटफर्डला. तुम्ही नाही ओळखत त्याला, मंडळाच्या कार्यक्रमाला आला तरी तो मागं भिंतीला टेकून उभा असतो आणि वडे संपले की जातो. दाढी आहे त्याला. मला आहे का दाढी? झालं तर मग!

तर माझी तक्रार आहे ती आपल्या मराठी भाषेबद्दल. इंग्रज माणूस जाताना काय म्हणतो? ‘राइट, आय ॲम ऑफ.’ गेला! विषय संपला! आणि आपण? ‘जातो’ म्हणायची सोयच नाही! ‘जातो’ म्हटलं की आई आतून लाटणं घेऊन बाहेर, ‘जातो काय म्हणतोस मेल्या, येतो म्हण!’ म्हणून पायात बूट, पाठीवर बॅग, तोंड दाराकडं, आणि तोंडातून काय, तर ‘येतो’! अरे कुठं येतोस? चाललायस ना? आणि दुसरं ते ‘ये की’. आमच्या सांगलीकडं माणूस कुणालाही कुठंही ‘ये की’ म्हणतो. दवाखान्यात ॲडमिट असला तरी म्हणतो, ‘मग? ये की एकदा!’ त्याचा अर्थ ‘ये’ असा नसतो हो. त्याचा अर्थ ‘बरं, फोन ठेवूया का आता’ असा असतो. हे सगळ्या सांगलीला कळतं. विष्णूला कळलं नाही. विष्णूला साकेत ‘ये की रे लीड्सला’ म्हणाला... आणि विष्णू गेला! ये म्हणाला म्हणून गेला, बिचारा!

आता साकेत कोण? साकेत म्हणजे विष्णूचा बाकमित्र. पाचवी ते बारावी एका बाकावर, आठ वर्षं, बाकावर दोघांची नावं कर्कटकानं कोरलेली, त्यात विष्णूचा ‘ष्णू’ साकेतनं कोरलेला, कारण विष्णूला तो जमायचा नाही. पुढं साकेत नर्सिंगला गेला आणि विष्णूच्या चार वर्षं आधी लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात लागला. विष्णू कॉम्प्युटरला गेला, आणि कंपनीनं त्याला सहा आठवड्यांसाठी वॉटफर्डला पाठवलं. सहा आठवडे! ड्रायक्लीनरच्या दुकानावर एक खोली. तुम्हाला सांगतो, त्या सहा आठवड्यांत विष्णूशी आपणहून सगळ्यात जास्त कोण बोललं असेल, तर सुपरमार्केटमधलं ते सेल्फ-चेकआउटचं मशीन. ‘अनएक्स्पेक्टेड आयटम!’ म्हणायचं ते त्याला. विष्णूला वाटायचं, खरंय बाई तुझं.

आणि शेवटच्या आठवड्यात मॅनेजर म्हणतो, ‘विष, यू वाँट टु स्टे? टू इयर्स. लेट मी नो, मंडे, नाइन ओक्लॉक.’ विष म्हणतात त्याला ऑफिसात. विष! आईनं देवाचं नाव ठेवलं, यांनी झुरळाच्या औषधाचं करून टाकलं.

आता विचारायचं कुणाला? आईला विचारलं तर आई म्हणणार, परत ये. वडिलांना विचारलं तर म्हणणार, आईला विचार. उरला एकच, साकेत. चार वर्षं इथं काढलेला, आपला, बाकावरचा. ‘राहू का रे इथं?’ बस, एवढा एक प्रश्न. पण फोनवर विचारून उपयोग नाही, कारण साकेत फोनवर थापा मारतो. समोरासमोर मात्र त्याला खोटं बोलताच येत नाही! खोटं बोलला की त्याच्या कानाची पाळी लाल होते. सातवीत डबा चोरला तेव्हा लाल, दहावीत ‘अभ्यास काही झाला नाही रे’ म्हणाला तेव्हा लालभडक. म्हणजे प्रश्न विचारायचा आणि तोंडाकडं नाही, कानाकडं बघायचं! त्या कानावर विष्णूची दोन वर्षं ठरणार होती हो!

म्हणून शनिवारी पहाटे विष्णू लंडनहून कोचमध्ये बसला. बॅगेत भडंगाचा डबा. सांगलीहून निघताना साकेतच्या आईनं दिलेला, ‘हातात दे हो त्याच्या, कुरिअर करू नकोस.’ तो डबा सहा आठवडे त्यानं उघडलासुद्धा नव्हता! तिकीट त्याच संध्याकाळचं परतीचं, सातचं, कारण रविवारी साकेतची ड्युटी. कोच सुटल्यावर यानं मेसेज टाकला, ‘निघालो.’

अर्ध्या तासानं उत्तर. ‘कुठं?’

‘तुझ्याकडं.’

मग बराच वेळ ते ‘टायपिंग... टायपिंग...’ मग नुसतंच काही नाही... मग ‘टायपिंग...’ आणि शेवटी काय? ‘अरे वा!!! म्हणजे खरंच?’

खरंच! ये म्हणाला म्हणून गेला, बिचारा!

लगेच दुसरा मेसेज: ‘आजची ड्युटी स्वॅप केली रे मी, तीनला सुटतो. तू घरी जा, चहा घे, मी तुला व्हॉइस नोट्स पाठवतो, त्या ऐकत शहर बघ. लीड्स चालत बघायचं असतं. साडेतीनला घरी भेटू.’

बरं. विष्णू दहाला उतरला, बस पकडून हेअरहिल्सला साकेतच्या घरी गेला. घर म्हणजे कांताबाईंच्या घरातली माडीवरची खोली. कांताबाई मूळच्या नागपूरच्या, लग्न होऊन लीड्सला आल्या त्याला पन्नास वर्षं झाली, पण बोलणं अजून तिथलंच. दारात बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजं फूल, शेजारी बॉयलरच्या सर्व्हिसिंगचं कार्ड.

‘जय भीम, बाप्पा! ये ये. काहून एवढा बारीक झालास?’ आता कांताबाई त्याला आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या! पण विष्णूला इतकं बरं वाटलं की तो म्हणाला, ‘हो ना काकू, झालोय खरा.’ सहा आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी अंदाजे का होईना, पण त्याच्याकडं बघितलं होतं. पोहे, वर लालभडक तर्री, लीड्समध्ये! आणि समोर येऊन बसली कांताबाईंची नात, दिया. सतरा वर्षांची, जन्म इथलाच. मराठी येतं, पण लिंगाचा हिशोब नाही. तिच्या मराठीत सगळे पुरुष बायका आहेत आणि सगळ्या बायका पुरुष.

‘हाय. तू साकेतचा फ्रेंड ना? तुझी फ्रेंड खूप खोटी बोलते.’

‘म्हणजे?’

‘रोज मॉर्निंगला ती दारात उभी राहते, बॅग घेते आणि सांगते, ‘येतो हं काकू.’ आणि मग ती जाते! एव्हरी सिंगल डे! फर्स्ट डेला मी थर्टीन होता, मी दारात वेट केला. ही केम बॅक ॲट नाइन पीएम!’

‘अगं तसं म्हनाचं असते पोरी,’ कांताबाई म्हणाल्या, ‘शुभ असते ते.’

‘आजी, इट्स लिटरली अ लाय.’

विष्णू हसला. हसू नये माणसानं. आपल्या पुढ्यात काय वाढून ठेवलंय ते माहीत नसताना तर मुळीच हसू नये! पोहे संपवले, बूट घातले, बॅग घेतली आणि म्हणाला, ‘येतो हं काकू.’ दियानं नुसतं त्याच्याकडं बघितलं.

तर व्हॉइस नोट्स. एकूण नऊ. साकेत त्या हॉस्पिटलातल्या चादरींच्या कपाटात शिरून रेकॉर्ड करत होता, त्यामुळं आवाज असा... दबका... एखादी बँक लुटायला सांगितल्यासारखा. ‘हं... विष्ण्या... घरातून निघ... डावीकडं वळ... सरळ खाली ये... मोठा रोड लागला की उजवीकडं...’ विष्णू उजवीकडं वळला आणि वीस मिनिटं चालून टायरच्या दुकानापाशी पोचला. मग परत. नोट दोन: ‘आता डाव्या हाताला कॅनॉल दिसेल, बदकं दिसतील, मस्त वाटतं रे...’ डाव्या हाताला कार पार्क! बदक एकही नाही, एक ट्रॉली आडवी पडलेली. विष्णूनं ट्रॉलीकडं पाच मिनिटं बघितलं, म्हटलं मस्त वाटतंय का बघू. नोट तीन: ‘कोपऱ्यावर माझी फेव्हरिट बेकरी. आत जा, माझं नाव सांग, ओळखतात मला.’ कोपऱ्यावर व्हेपचं, त्या इलेक्ट्रिक सिगारेटींचं दुकान. विष्णू आत जाऊन साकेतचं नाव सांगतो, आता काय करणार, नोटेत तसं सांगितलंय! तो व्हेपवाला म्हणतो, ‘बेकरी? मेट, मला इथं सहा वर्षं झाली, बेकरी त्याच्याही आधी गेली.’

सहा वर्षं. आणि साकेत लीड्सला येऊन किती झाली? चार! आता शहाण्या माणसाला इथं शंका आली असती. विष्णूला आली नाही, कारण कानात बाकावरचा आवाज चालू होता ना! आठ वर्षं तो आवाज डाव्या कानात ऐकलाय, म्हणून त्यानं इअरफोनसुद्धा डाव्याच कानात घातलेला. रस्त्यात पोरं पोरींचे हात धरून, म्हाताऱ्या म्हाताऱ्यांबरोबर, एक माणूस तर तीन कुत्र्यांबरोबर, आणि हा एकटा, पाठीवर भडंग, कानात साकेत, मध्येच मोठ्यांदा हसतोय, मध्येच ‘अरे गाढवा, इथं भिंत आहे!’ असं हवेत ओरडतोय. लोक बाजूला होऊन वाट देत होते. फार सभ्य लोक!

मार्केट सापडलं, कारण माशांचा वास नोटेशिवायही सापडतो. टाऊन हॉलसमोरचे दगडी सिंह सापडले, चार म्हणाला, चारच निघाले, विष्णूला आनंदानं भरून आलं. एका बाईंना म्हणाला, फोटो काढता का? त्यांनी काढला. फोटोत अख्खा सिंह आणि विष्णूचा अर्धा कान. तो साकेतला पाठवला. एकच टिक. करडी.

आणि मग नोट नंबर नऊ! इथं नीट ऐका हां, त्या वडेवाल्या काकू, जरा झारा खाली ठेवा. लीड्सचं एक वैशिष्ट्य सांगतो. त्या गावाचं चिन्ह आहे घुबड! घुबड! आपल्याकडं घरावर घुबड बसलं तर शांती करतात, आणि हे लोक कौन्सिलच्या दारात उंच खांबावर सोन्याचं घुबड बसवून खाली फोटो काढतात! आणि एक नाही हो, गावभर. भिंतीवर घुबड, कमानीवर घुबड, कठड्यावर घुबड. तर नोट नऊ, अशी:

‘आता बघ... कौन्सिलची बिल्डिंग... बाहेर सोन्याचं घुबड. घुबडाखाली बाक आहे बघ, तिथं थांब जरा. भारी वाटतं... (बीप, बीप, बीप)... येतो!’

कट्!

‘येतो’?

विष्णू घुबडाखालच्या बाकावर बसला आणि त्यानं विचार सुरू केला. आता, ‘येतो’ म्हणजे ‘बाय’ का? नाही! कारण फोनवर माणूस ‘ठेवतो’ म्हणतो. ‘येतो’ म्हणतो तो समोरासमोर असताना, दारातनं निघताना. साकेत दारात आहे का? नाही, चादरींच्या कपाटात आहे. आणि आधीच्या आठ नोटांच्या शेवटी ‘येतो’ म्हणालाय का? नाही! मग नवव्याच्याच शेवटी का? आणि ‘थांब’ का म्हणाला? थांब... येतो... म्हणजे येतो म्हणजे येतो! लवकर सुटला असणार! सरप्राइज देणार! विष्णूनं खात्री करायला नोट पुन्हा ऐकली. पुन्हा ऐकली. ‘येऽतो’ आहे का ‘येतोऽ’ आहे, ‘तो’वर जोर आहे का, श्वास कुठं घेतलाय... चौदा वेळा ऐकली, आणि चौदाव्यांदा ‘ये’ म्हणून ‘तो’ म्हणायच्या आत फोन मेला.

वाजला होता एक. आता घरी जावं, तर तेवढ्यात साकेत इथं यायचा. बसून राहिला. ये म्हणाला म्हणून आला, येतो म्हणाला म्हणून बसला, बिचारा!

आणि आता चमत्कार बघा. सहा आठवडे वॉटफर्डात ज्याच्याशी मशीनशिवाय कुणी बोललं नाही, त्याच्याजवळ पाच मिनिटांत एक माणूस येऊन बसला. कुत्रा घेऊन. ‘यू ऑलराइट, मेट?’ आणि त्यानं गुडघ्याच्या ऑपरेशनचं सगळं सांगितलं, कुत्र्याचं नाव केव्हिन असल्याचं सांगितलं, बहुतेक केव्हिनच, आणि विष्णूला विचारलं, तुझं काय? तुझं काय! विष्णूनं भडंगाचा डबा उघडला. माणूस उठला, तर एक पोस्टमन येऊन बसला. तो गेला, तर दोन कॉलेजच्या पोरी. विष्णू चकित! म्हटलं, काय शहर आहे! काय माणसं आहेत! मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला: ही माणसं साकेतनं पाठवलीत! मी येईपर्यंत पोराला एकटं वाटू नये म्हणून! काय प्लॅनिंग! डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, खरंच, आणि तो सगळ्यांना मुठी भरभरून भडंग देऊ लागला, साकेतची माणसं म्हणून! पोरी म्हणाल्या, ‘ओ माय गॉड, स्पायसी राइस क्रिस्पीज!’ केव्हिननं लसूण तेवढा वेचून खाल्ला.

चारच्या सुमाराला एक आजी आल्या, ट्रॉलीची पिशवी ओढत. मॉरीन नाव. ‘वेटिंग फॉर समवन, लव्ह?’

‘येस. माय फ्रेंड. ही सेड ही इज कमिंग.’

‘व्हेन?’

‘थ्री आवर्स अगो.’

मॉरीनबाईंनी नुसती मान हलवली, वाद नाही घातला. मूठभर भडंग घेतलं, एकेक चुरमुरा खात बसल्या. म्हणाल्या, आमचे हे पण असंच म्हणून गेले होते, पेपर आणतो म्हणून, आणि रस्त्यातच... बारा वर्षं झाली. मी शनिवारी इथं येऊन बसते. विष्णूला एकदम काय झालं कुणास ठाऊक, जो प्रश्न साकेतसाठी पहाटेपासून डोक्यात धरून ठेवला होता, तो त्यानं या बाईंना विचारून टाकला. ‘शुड आय स्टे? इन धिस कंट्री?’

मॉरीनबाईंनी बराच वेळ चुरमुरे चावले. मग म्हणाल्या, ‘डिपेंड्स, लव्ह. हू हॅव यू गॉट?’

कोण आहे तुला? ...विष्णू म्हणाला, ‘साकेत.’

‘अँड व्हेअर इज ही?’

विष्णूनं वर बघितलं. वर घुबड होतं.

हसताय? हसा. आता तिकडं साकेतचं काय झालं ते ऐका, म्हणजे आणखी हसाल. तीनला सुटला, साडेतीनला घरी. विष्णू नाही. फोन बंद. दियाला विचारलं, कुठं गेला? दिया म्हणते, ‘ती पण ‘येतो’ म्हणाली. सो, ऑब्व्हियसली, नाही येणार.’ साकेतच्या पायाखालची जमीन सरकली. नवीन माणूस, परकं गाव, संध्याकाळची बस! धावत बाहेर. आता शोधायचा कुठं? तर स्वतःच्याच व्हॉइस नोट्स लावल्या कानाला, म्हटलं, ह्याच रस्त्यानं गेला असणार! ‘मोठा रोड लागला की उजवीकडं...’ साकेत उजवीकडं वळला आणि थेट टायरच्या दुकानात! स्वतःच्या तोंडानं स्वतःलाच चुकवलेला माणूस पाहिलाय का कधी? कॅनॉल शोधत कार पार्कमध्ये. बेकरी शोधत व्हेपच्या दुकानात. तो व्हेपवाला म्हणे, ‘आज काय आहे रे? सकाळपासून दुसरा!’ आणि ‘घुबडाखाली थांब’, पण कुठल्या? पहिलं घुबड गाठलं, विष्णू नाही. दुसरं गाठलं, नाही. कमानीवरचं, कठड्यावरचं, एक तर दुकानाच्या पाटीवरचं, तिथंही जाऊन बघितलं त्यानं! चौदा घुबडं! ...बरं, नऊ. पण धावत!

सव्वासहा वाजले. मॉरीनबाई गेलेल्या. विष्णू एकटा. आणि कोपऱ्यावरनं एक माणूस लंगडत येतोय, अंगात नर्सचा निळा युनिफॉर्म, वर जॅकेट उलटं घातलेलं, घामानं निथळतोय. येऊन धप्पकन बाकावर बसला. विष्णूच्या डाव्या बाजूला. जागा चुकला नाही.



मग विष्णू म्हणाला, ‘आलास?’

‘तू घरी का नाही गेलास, गाढवा?’

‘तू येतो म्हणालास.’

‘मी? कधी?’

‘नोट नऊ. शेवटी.’

साकेतनं फोन काढला, नोट नऊ लावली. बीप, बीप, बीप... ‘येतो!’ आणि साकेतनं कपाळावर हात मारला. ‘अरे ते तुला नाही! बेड सिक्सनं बेल दाबली होती! मिस्टर हॅरिसन! नर्स, नर्स म्हणून ओरडत होते, आणि तुझ्याशी बोलता बोलता मी त्यांना मराठीतच...’

म्हणजे सव्वापाच तास! सव्वापाच तास विष्णू ज्या ‘येतो’च्या भरवशावर घुबडाखाली बसला होता, तो ‘येतो’ बेड सिक्सचा होता!

‘मग गेलास का त्यांच्याकडं?’

‘म्हणजे काय? एका मिनिटात.’

मग साकेत म्हणाला, ‘भडंग आणलंस ना? आईचा फोन आला होता. दे, सकाळपासून जेवलो नाही.’

‘संपलं.’

‘संपलं? दोन किलो?’ ...दीड, दीड. ‘कुणी खाल्लं?’

‘तू पाठवलेल्या माणसांनी.’

‘मी कुणाला पाठवलं?’

‘तो कुत्रेवाला, पोस्टमन, मॉरीनबाई... काय माणसं आहेत रे इथली! येऊन येऊन बोलत होती. मी तर ठरवतच आणलं होतं की...’

‘विष्ण्या,’ साकेत म्हणाला, ‘ऊठ जरा.’

विष्णू उठला. बाकाच्या पाठीवर, बरोबर जिथं त्याची पाठ टेकली होती तिथं, पितळी पाटी. लिहिलंय काय? तर, तुम्हाला कुणी येऊन बोललेलं चालणार असेल तर या बाकावर बसा. गप्पांचा बाक! कौन्सिलनं ठेवलेला, एकट्या माणसांसाठी. शेजारचा बाक साधा. त्यावर दिवसभर कुणी कुणाशी बोललं नव्हतं.

विष्णूनं पाटी दोनदा वाचली. रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. आणि म्हणाला, ‘तुझ्या नोट्स सगळ्या चुकीच्या आहेत. बेकरी सहा वर्षांपूर्वी बंद झालीय.’

साकेत बुटाकडं बघत होता. ‘वेबसाइटवरनं वाचल्या रे. जुनी असणार.’

‘म्हणजे तू कधी फिरलाच नाहीस? चार वर्षांत?’

‘कुणाबरोबर फिरू?’ साकेत म्हणाला. ‘एकट्यानं काय घुबडं बघायची?’

तुम्हाला सांगतो, इथं विष्णू म्हणाला असता की चल मर, तरी चाललं असतं. पण वेळ कुठं होता? सातची बस. दोघं चालत निघाले. घुबडापासून कोच स्टेशन, वीस मिनिटं. तेवढंच विष्णूनं मित्राबरोबर पायी बघितलेलं लीड्स. आणि साकेत गाइड! ‘हे बघ, हे... काहीतरी जुनं आहे. आणि ते पलीकडचं... ते पण जुनं असावं.’ दोघं इतके हसले, इतके हसले की एका ठिकाणी भिंत धरून उभे राहिले. कोचच्या दारात पोचले तेव्हा ड्रायव्हर बॅगा आत टाकत होता, आणि तेव्हा विष्णूला आठवलं. प्रश्न! अरे, प्रश्न राहिला! सोमवारी नऊ!

‘साक्या, मला दोन वर्षं राहायला सांगतायत. राहू का रे इथं?’

आणि लगेच नजर कानावर. तोंडाकडं नाही, कानावर!

साकेत म्हणाला, ‘रहा की!’

रहा की. बरोब्बर त्याच चालीत, ‘ये की’च्या! आणि कान? कान लाल! लालभडक! ...पण थांबा. दुसरा कानही लाल. नाकही लाल. ड्रायव्हरचे कान लाल, रांगेतल्या म्हातारीचे लाल, तिकीट बघणाऱ्याचे लाल. ऑक्टोबरची संध्याकाळ, लीड्सचं वारं, अख्ख्या यॉर्कशरचे कान लाल! आता कुठला कान खरा मानायचा? सांगा ना!

बस हलली. साकेत काचेच्या बाहेरून ओरडत होता, ‘मी येतो रे वॉटफर्डला! नक्की येतो!’

सोमवारी नऊला विष्णूनं ‘येस’ कळवलं. का? तो म्हणतो, ‘ये की’ पण खोटंच होतं ना, पण शेवटी साकेत लंगडत लंगडत आला की नाही घुबडापर्यंत? मग ‘रहा की’पण निघेल खरं कधीतरी. त्याला परवा दोन वर्षं झाली. दर रविवारी साकेतचा फोन येतो, चादरींच्या कपाटातनं. ‘येतो रे. हा महिना शॉर्ट-स्टाफ आहे. पुढच्या महिन्यात येतोच.’ बेड सिक्सला एका मिनिटात गेला होता. विष्णू मधूनमधून विचार करतो, एखादा पाय मोडून घ्यावा का.

झालं. संपली गोष्ट.

काय काका? दाढीचं काय? हां, हे गालावर कापलंय ते... परवाच काढली. विष्णूनं नाही, मी! विष्णूची आहे अजून. विषय बदलू नका. गोष्ट फुकट नव्हती, मोबदला काढा आता. पैसे? पैसे नकोत हो. इथनं माझी खोली बावीस मिनिटांवर आहे, चालत. रस्त्यात बघण्यासारखं काही नाही, एक गोल चौक आहे आणि एक ड्रायक्लीनर. कुणीतरी एकानं माझ्याबरोबर तिथपर्यंत चालायचं, एवढीच फी. बोललं नाही तरी चालेल. चला, कोण उठतंय? काका, तुम्ही? तुम्ही तर सगळ्यात जास्त हसलात...

काय म्हणालात?

‘तू हो पुढं, येतो’?

...बरं. बाहेर बाक आहे. मी बसतो.